पाव फेरा

गंजलेला स्क्रू दांडगाईने निघत नसतो. रॉकेल सोडायचं, वाट पाहायची. तरी हलला नाही तर आधी पाव फेरा आवळायचा, म्हणजे गंज तुटतो. मग उलटा फिरवायचा. खडकीच्या कारखान्यात बावीस वर्षं मी फिटर होतो, माझा हात याच सवयीचा.

एकाहत्तर सालच्या वैशाखात श्यामलाबाई नावाच्या एका बाईंनी शनिवार पेठेतून निरोप धाडला. भिंतीतल्या फडताळाचे चार स्क्रू काढायचे होते. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं, शरच्चंद्र मास्तरांनी.

"खडकीहून आलात? तरीच उशीर."

आत काढ्याचा उग्र वास कोंडला होता. फडताळाशेजारी कॉटवर श्यामलाबाई पडल्या होत्या. छातीतून शिट्टी वाजत होती.

"भाऊ, फक्त सोडवा... आवळू नका हं. सासूबाईंनी मरायच्या आदल्या दिवशी हे बंद केलं. एकेक फेरा आवळला, तशी माझी छाती आवळत गेली."

"डॉक्टर याला दमा म्हणतात," मास्तर म्हणाले. "पण त्यांना स्क्रूतलं काय कळणार!"

मलाही हसू आलं होतं. पण पहिला स्क्रू निघाला आणि बाईंनी खोल श्वास घेतला. दुसरा निघाला, त्या उठून बसल्या. तिसऱ्याला त्यांच्या ओठांवर रंग चढला. "आता एकच," त्या म्हणाल्या, आणि मला फार बरं वाटलं. आपण एक जीव वाचवतोय, असं वाटलं.

चौथा हलेना. रॉकेल पाजून पाऊण तास थांबलो, तेवढ्यात मास्तरांना माझी बावीस वर्षं सांगून झाली. पेचकस खाचेत धरून वरून हातोडी मारली. खाचच झिजायला लागली.

"बावीस वर्षं म्हणालात ना?" मास्तरांनी जांभई दिली. "कारखाना अजून उभा आहे, हे नवल."

माझं टाळकं फिरलं. रागाच्या भरात पाव फेरा आवळला गेला.

स्क्रू कट्‌कन वाजला. बाई बसल्या जागी कलंडल्या. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. मी घाईने उलटा फिरवला, तर तो लोण्यातून निघावा तसा हातात आला. फडताळाचं दार आपोआप उघडलं. कप्पे रिकामे होते. त्या रिकाम्या कप्प्यांत कुणीतरी धापा टाकत होतं.

"भाऊ... दार लावू नका..."

आवाज श्यामलाबाईंचा होता. कॉटवर मात्र त्यांचे ओठ निळे पडले होते, आणि हलत नव्हते.

मास्तरांनी शांतपणे दार लोटलं. चारही स्क्रू गोळा करून माझ्यापुढे धरले.

"बसवा. दुपारी आवाज झालेला आईला चालत नाही."

मी बसवले. हो, बसवले. माझ्यासारखा भेकड मीच. आतून नखं लाकडावर ओढली जात होती, आणि मी स्क्रू फिरवत होतो. शेवटचा मात्र मुद्दाम सैल ठेवला आणि हात काढून घेतला.

स्क्रू आपोआप आवळत फिरतच राहिला.