ठेक्याचा नमस्कार

या, अशा जवळ सरका, मांडी घालून बसा. चंद्रावरच्या वस्तीत एकदा कीर्तन कसं अडलं आणि कसं सुटलं, ते सांगते.

मृदंग वाजवणाऱ्या सदाकाकांचा हात मोडला, म्हणून केतकीने त्यांच्या जागी आपला यंत्रमानव बसवला. त्याचं नाव ठेक्या. बुवांनी अभंग धरला, ठेका रंगला, आणि दारातून कुणीतरी आलं. ठेक्या वाजवायचा थांबला, हात जोडून म्हणाला, "रामकृष्णहरी." ताल गेला. बुवांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा कुणी आलं, पुन्हा रामकृष्णहरी.

"केतके," बुवा वैतागून म्हणाले, "हा साथीला बसलाय की दारावर? आता चुकला तर त्याला उचलून बाहेर ठेव. मी नुसत्या टाळांवर निभावीन."

केतकी रडवेली झाली. "आत्या, भक्त दिसला की आधी नमस्कार, असं मीच शिकवलंय गं त्याला."

सुहासआत्या वस्तीतली संगणक-अभियंता. तिने ठेक्याचा कर्नल (यंत्राच्या मेंदूत कामांना पाळी देणारा कारभारी) तपासला. "अगं, ठेका आणि नमस्कार दोन्ही तू एकाच तातडीचे केलेस. दोन थापांच्या मधे नमस्कार शिरला की तो संपेपर्यंत जागा सोडत नाही, आणि पुढची थाप अडते. नमस्कार थोडा उशिरा झाला तर काय बिघडतं? थाप उशिरा पडली की संपलं. अशा कामाला रिअल-टाइम (ठरल्या क्षणीच व्हायला हवं असं) म्हणतात. ते सगळ्यांत वर ठेव."

केतकीने ठेका वर चढवला, सगळा वेळ त्यालाच दिला. आता लोक येत राहिले, ताल हलला नाही. अभंग संपला. बुवांनी हात वर केला. ठेक्या वाजवतच होता.

"थांब रे बाबा, निरूपण करू दे."

ठेक्या वाजवतच होता. लोक हसायला लागले. बुवांनी कपाळाला हात लावला.

"दोन थापांच्या मधेसुद्धा ठेका पुढचं मोजत बसलाय," आत्या पुटपुटली. "कानाला पाळीच मिळत नाहीये. थोडा वेळ बाकीच्या कामांसाठी राखून ठेव की."

केतकीने तेवढा वेळ राखला. ठेक्याला बुवांचं ऐकू आलं आणि तो थांबला. मग एकेकाकडे वळून त्याने राहिलेले सगळे नमस्कार केले.

"बसू दे त्याला," बुवा म्हणाले. "पण पुढच्या अभंगात कुणाच्या पाया पडू नकोस म्हणावं."

केतकी आता मंगळाकडे निघालेल्या यानात आहे, यानाच्या मेंदूतला तसलाच कारभारी सांभाळते. उतरताना इंजिनं ठरल्या क्षणीच पेटायला हवीत. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिचं नाव घ्या.