गोळी आणि कॉफीच्या मध्ये

"महाराणी, मान जराशी डावीकडे… बस्स! आता हलू नका."

तिनं डोळे उघडले आणि लगेच मिटले. तोंडावर सोनेरी उजेडाचा झोत होता. आपण नाट्यगृहाच्या रंगमंचावर आहोत, लाकडी सिंहासनात आहोत आणि राजाचा मखमली झगा पांघरून चक्क झोपलो होतो, हे ध्यानात यायला तिला क्षणभर लागला. झग्याची बाही जोडायला ती आली होती. दोन टाके घालून जरा टेकू म्हणाली, ते टेकणंच झालं.

"कोण आहे वर?"

"दिवेवाला. नवीन आहे." शिडीवरून एक उंच, सडपातळ तरुण खाली उतरला. "राजाच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडतो का बघायला कुणीतरी तिथं बसायला हवं होतं. तुम्ही आयत्याच मिळालात."

"उठवता नाही आलं?"

"उठवलं असतं तर हलला असतात."

"किती वेळ चाललं होतं हे?"

"चार दिवे लावून झाले." तो हसला. "पाचवा… मुद्दाम हळू लावला."

एरवी ती हे आठवून हसली असती. पण हा नवा दिवेवाला मॅनेजरचा सख्खा भाचा आहे, हे संध्याकाळी कळलं. भाच्यानं मामाच्या कानावर घातलं तर?

मागच्या वर्षी तिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढली होती. शस्त्रक्रिया छान झाली. व्रण भरला, शेजारणींनी "चला, सुटलीस!" म्हणून पाठ थोपटली. सुटला नाही तो थकवा. रात्रभर झोपूनही सकाळी अंग असं जड, जणू कुणी विटा वाहायला लावल्यात. ग्रंथीच्या जागी आता रोज उपाशीपोटी घ्यायची एक गोळी होती, तीही जन्मभर. नाट्यगृहात तिनं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. सुट्टी मावशीकडे गेल्याची म्हणून खपवली होती आणि बंद गळ्याचे कपडे शिवून घेतले होते. कारण मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "नवं नाटक राजवाड्याचं आहे. पोशाख ढीगभर. झेपत नसेल तर आत्ताच सांगा, बाहेरचं माणूस आणतो." अशा नाटकाची ती कितीतरी वर्षं वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कपडेपटाच्या खोलीच्या दारात दिवेवाला उभा. काखेत दिव्यांवर लावायचे रंगीत कागद आणि हातात कॉफीचे दोन कप.

"तुमचा हिरवा झगा माझ्या लाल दिव्यात काळा दिसतो."

"मग तुमच्या दिव्यात खोट आहे."

"माझ्या दिव्यात खोट! काय शिक्षा, महाराणी?"

"कॉफी ठेवा आणि चालू लागा."

"कप परत न्यायचेत. तुमची पिऊन होईपर्यंत थांबतो."

तो खरंच थांबला. आणि मग रोजच थांबू लागला. सकाळी तिला वेळेवर उठवत नसे, म्हणून हल्ली ती घरी काही न घेता निघायची आणि कपडेपट उघडल्यावर घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची. गोळी घशाखाली उतरते न उतरते तोच बाहेर पावलं वाजायची. कॉफी गार होईल म्हणून ती लगेच कप तोंडाला लावायची… निदान कारण तरी तेच सांगायची स्वतःला.

एकदा इस्त्रीच्या टेबलाशी उंच स्टूल आलं. एकदा वरच्या फळीवरचे कापडाचे तागे खालच्या फळीवर आले.

"हे कुणी केलं?"

"उंदरांनी. फार कामसू आहेत इथले."

ती हसली, पण मनात पाल चुकचुकली. याला कसं कळतं, आपल्याला उभं राहवत नाही ते? हा काळजी घेतोय… की पाळत ठेवतोय? आणि त्यात थकवा वाढतच चालला. दुपारी सुईत दोरा ओवताना बोटं ऐकेनात. रोज अर्धा तास ती कपड्यांच्या रांगेमागे जाऊन गुपचूप आडवी व्हायची.

घरी ताई होती. ताईला संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण मिळालं तर मग बघायलाच नको.

"कधीपासून जास्त दमतेस?"

"झाले दीड-दोन महिने."

"आणि तो कॉफी कधीपासून आणतो?"

तिनं बोटांवर मोजलं. तेवढेच महिने.

"बघ! मॅनेजरचा भाचा. तू आडवी पडलीस की काम दुसऱ्याला. काहीतरी कालवत असणार मेला!"

"काहीतरीच काय, ताई! तो… तसा नाहीये."

"मग हे सांगताना कान कशाला लाल झाले तुझे?"

संशय वेडगळ होता, पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून ती कॉफीला नुसते ओठ लावायची. तो रंगीत कागद उजेडात धरून बघायला वळला की कप आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या बादलीत रिकामा करायची. तीनेक आठवडे गेले. आणि एका दुपारी तिच्या ध्यानात आलं की आज आपण आडव्या झालोच नाही.

बरं वाटल्याचं इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं.

"आज हा कप तुम्ही प्या," सकाळी तिनं आपला कप पुढे केला.

त्यानं तो घेतला आणि सगळा पिऊन टाकला. "बरी झालीय की. का?"

"तुम्ही यात काय घालता?"

तो हसायला गेला… आणि तिचा चेहरा पाहून थांबला.

"एक चमचा साखर," तो सावकाश म्हणाला. "आणि दूध थोडं जास्त, तुम्हाला आवडतं म्हणून." त्यानं दोन्ही कप उचलले. "बादलीला कॉफीचा वास येतो. मला वाटलं, नको असेल तर सांगतील कधीतरी."

दुसऱ्या दिवशी पावलं वाजली नाहीत. त्यानंतरही नाहीत.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. त्यांनी शेवटी विचारलं, "गोळीनंतर चहा-कॉफी किती वेळानं घेता?"

"घेत होते… लगेच."

"अहो! कॉफीमुळे गोळी अंगी लागत नाही. निदान तासभर जाऊ द्या. ऑपरेशननंतर सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. घरी ती पाळतही होती. पावलं वाजू लागल्यावर विसरली.

"थकवा कमी होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण पूर्ण जाईलच असा शब्द देत नाही. आणि लपवत बसलात तर त्यानंच निम्म्या दमाल."

ती तडक मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, गोळी, दुपारची झोप.

"झोपायचात?" मॅनेजरनं चष्मा काढला. "मी भाच्याला दहादा विचारलं, त्या दुपारी असतात कुठे. दर वेळी एकच… राजाची मापं घ्यायला गेल्यात. मला वाटलं, आपला राजा रोज सुटतोय की काय! पोशाख वेळेवर मिळतील ना?"

"मिळतील."

"मग झोपा की. दार लावून झोपा."

दिव्यांच्या खोलीचा जिना उभा होता. अर्ध्यात तिला धाप लागली आणि ती पायरीवरच बसली. वरून तो उतरत होता. तिला पाहून थबकला, मग दोन पायऱ्या खाली जाऊन बसला.

"वरच येत होते… माफी मागायला."

"कॉफीत काही नव्हतं हो."

"होती ती कॉफीच. पण तिच्यामुळेच दमत होते मी." तिनं कॉलरचं बटण काढून गळ्यावरची रेघ दाखवली आणि ताईचा संशय, गोळी, सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे… मीच?"

"तुम्हाला काय ठाऊक? मला ठाऊक होतं."

"तासभर थांबायचं ना? मग मी तासभर आधी येतो. रिकाम्या हातानं."

तिनं कॉलरचं बटण पुन्हा लावलं. "मी पुढेही दमतच राहीन कदाचित. कायमची."

"माझं आयुष्य शिडीवर चढण्या-उतरण्यात चाललंय," तो म्हणाला. "निवांत बसणारं माणूस मला हवंच आहे."

सकाळी तिनं गोळी घेतली आणि पावलं वाजली. तो स्टुलावर बसला आणि अवघडला.

"हात कुठे ठेवावेत कळत नाही. कप असले की बरं असतं."

"इथे ठेव," तिनं तळवा पुढे केला. पहिल्यांदाच तिनं त्याला 'अहो-जाहो' केलं नव्हतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"ताईला सांगितलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"सांगितलं, कॉफीत काही नव्हतं म्हणून."

"पटलं?"

"छे! म्हणाली, मग तो रोज येत कशाला होता, ते विचारून ये आधी."

"मग विचार ना."

"कशाला येत होतास?"

"सगळं सांगायचं तर तास पुरायचा नाही…"

"थोडक्यात सांग."

त्यानं वाकून तिच्या कानाशी थोडक्यात सांगितलं. कॉफीची वेळ झाली, टळली, तरी तिचा हात त्याच्याच हातात होता.