बाकीच्यांपेक्षा वेगळं काय?

गंधालीने फोन कापला, तसा बाकावर शेजारी बसलेला माणूस हळूच सुस्कारला.

रायपूरच्या बूढापाऱ्यात तलावाच्या काठी ती घटकाभर टेकली होती. ऊन उतरलं होतं, तरी बाक अजून तापलेला होता. फोन पुन्हा वाजला, तिने पुन्हा कापला. शेजारच्याने कानाचा मोबाइल खाली घेतला, उदासपणे त्याच्याकडे पाहिलं आणि परत लावला… लगेच गंधालीच्या हातातला फोन थरथरला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“गंधाली मॅडम?”

“नाही,” ती म्हणाली. मग तिचं तिलाच कसंतरी झालं. “हो. पण आज मला काही विकू नका.”

“नाही विकत,” असं म्हणून त्याने मोबाइल खिशात टाकला.

आणि खरंच, तो विकण्याचं काही बोलला नाही. नाव पुष्कर, गाव वर्ध्याकडचं, दिवसभर लोकांना फोन लावणं हेच काम आणि लोकांनी ते कापणं हा रोजचा अनुभव, एवढंच त्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यात, आधीच ठरल्याप्रमाणे, तिच्या कारखान्यात डेमो द्यायला येतो, म्हणाला. जाताना तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला, मग स्वतःच ओशाळून वळला.

गंधाली बीरगांवजवळ लोखंडी पाइपांच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघायची. होळीच्या सुमारास मालक भार्गवसाहेबांनी फर्मान काढलं, की आता भरती ऑनलाइन करायची, त्यासाठी चांगली कंपनी शोध. तिने शोधायला घेतलं आणि जणू मधमाश्यांच्या पोळ्यावर दगडच बसला. एक कंपनी अर्ज गोळा करणार, दुसरी ते चाळणार, तिसरी परीक्षा घेणार, चौथी मशीनकडून मुलाखत घेणार आणि पाचवी म्हणे या चौघींना जोडून देणार. रोज कुणाचा तरी डेमो. संध्याकाळी कोण काय बोललं, हे आठवेनासं व्हायचं. घरी आई भाजी कोणती करू म्हणून विचारायची, तर तेवढं ठरवायचंही हिच्या जिवावर यायचं.

इकडे क्रेन चालवायला माणसं मिळेनात. होते तेच पाळीवर पाळी करत होते. त्यातल्या गुलाबरावांना एका दुपारी क्रेनवर बसल्या बसल्या डुलकी लागली आणि पाइपांचा भारा तिरपा खाली आला. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. पण त्या दिवसापासून गंधालीला धड झोप नव्हती.

पुष्कर आला. खोलीत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरला होता. त्याने लॅपटॉप उघडला. गंधालीने नेहमीचा प्रश्न विचारला, आवाजात जीव नसल्यासारखा, “तुमचं बाकीच्यांपेक्षा वेगळं काय?”

तो तोंडपाठ असलेलं बोलू लागला आणि मध्येच थांबला. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहत त्याने लॅपटॉप मिटला.

“ते जाऊ द्या. तुम्हाला काय पाहिजे?”

इतक्या जणांत हे कुणीच विचारलं नव्हतं. गंधालीने सांगायला सुरुवात केली आणि सांगतच गेली… गुलाबराव, तो तिरपा भारा, रात्रीची जाग. त्याने मध्ये तोंड घातलं नाही.

“मग आमचं नका घेऊ,” तो शेवटी म्हणाला. “आमचं ऑफिसात बसणाऱ्यांसाठी आहे. क्रेनवाला काहून बायोडाटा टाकत बसते?” मग त्याने एका लहान कंपनीचं नाव सांगितलं. ते लोक फोनवर, हिंदी-छत्तीसगढीत बोलून अर्ज घ्यायचे.

“हे मला काहून सांगितलं?” ‘का’ऐवजी त्याचाच शब्द आपल्या तोंडी आला, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

“तुमचे डोळे पाहून… म्हणजे, झोप नाही झाली तुमची. म्हणून.”

ती लहान कंपनी खरंच कामाची निघाली. महिन्याभरात माणसं आली, गुलाबरावांना हक्काची सुट्टी मिळू लागली. आता विकण्या-घेण्याचं काही उरलं नव्हतं, तरी पुष्कर फोन करायचा आणि गंधाली कापत नव्हती. कधी दोघं गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर भेटायची. तिखट लागलं की तो डोळे पुसत म्हणायचा, “मले काही होत नाही,” आणि ती हसायची. आपण किती दिवसांनी हसतोय, असं मग तिला वाटायचं.

एके दिवशी त्याच्या कंपनीतून सौमित्र नावाच्या नव्या मुलाचा फोन आला. यापुढे मी बोलेन, म्हणाला. “पुष्कर सर का टार्गेट पूरा नहीं हुआ, मॅडम. उनको पुणे बुला लिया.”

तेव्हा ती कामगार खात्याच्या कामासाठी नवा रायपुरात होती. तिने तिथूनच पुष्करला फोन लावला. “कुठे आहात?” एवढंच विचारलं. तो तासाभरात आला. रुंद, रिकामा रस्ता, बसचा पत्ता नाही आणि थांब्याच्या सावलीत ती दोघंच.

“माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली.

“मी बोललो ते माझ्या मर्जीनं. तुमच्यामुळे काहून?”

“मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही आधीच थकल्या होत्या. त्यात माझं ओझं कशाला…”

गरम वाऱ्याने ओढणी उडाली, तिने ती सावरली नाही. महिनोनमहिने ती एकेक कंपनी तोलून-मापून, ताडून पाहत आली होती. आता तोलायचं त्राणच नव्हतं, आणि गंमत म्हणजे गरजही वाटत नव्हती.

“जाऊ नका,” ती म्हणाली. “मला तुम्ही हवे आहात, पुष्कर.”

त्याने नजर रस्त्याकडे वळवली. कान मात्र लाल झाले होते.

“पुण्याला सकाळीच नाही म्हणून आलो,” तो म्हणाला. “नोकरी सोडली. तुमच्याशी बोलायची हिंमत होत नव्हती, तर म्हटलं, आधी जायची वाट तरी बंद करावी… आता नवीन शोधून राहिलो.”

“वेडे आहात.”

“हव,” त्याने मान डोलावली.

बस आली, जवळजवळ रिकामी. दोघं शेजारी बसली. खिडकीतून झळा येत होत्या, त्याने काच अर्धी ओढून घेतली. पुढे काय, आईला कसं सांगायचं, त्याला काम कुठे मिळणार… गंधालीला सगळं बोलायचं होतं. पण डोळे मिटत होते. डोकं कधी त्याच्या खांद्यावर टेकलं, कळलंच नाही. ती दचकून सावरली.

“झोप तू,” तो पहिल्यांदाच असं एकेरीत म्हणाला. “मी आहो.”

आणि ती झोपली.