तुमचीच नात समजा

दिवा राहू दे बंद, ईशान. आणि भार्गवी, तो मोबाइल उलटा ठेव. भुतं नसतात म्हणतेस? मीही म्हणायचो. या डच गावात, रायस्वाइकमध्ये, हीटर लावून बसल्यावर म्हणायला काय जातं? पण ही गोष्ट शैलेंद्रची आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

एकतीस डिसेंबर, दोन हजार एकवीस. संध्याकाळी तो माझी जाड जॅकेटं परत करायला आला होता. इथे लॉकडाऊन, शाळा बंद, म्हणून तो, बायको सुहासिनी आणि पाच वर्षांची लेक अस्मिता नॉर्वेच्या पार उत्तरेला जाऊन आले होते. तिथे सामी लोक रेनडिअर पाळतात, त्यांच्यातल्या एका कुटुंबाच्या तळावर. चहा पिता पिता सगळं सांगत होता. मोठा तंबू, मध्ये शेकोटी, कोरोनामुळे पाहुणे लांब लांब बसवलेले. मारित नावाची त्या घरची मुलगी माहिती देत होती. म्हणाली, रेनडिअर चालताना त्याच्या पायातून कट कट आवाज येतो. हिमवादळात काही दिसेनासं झालं की त्या आवाजावर पिल्लं कळपाबरोबर राहतात.

शेकोटीपलीकडे एक म्हातारी एकटीच बसली होती. दुसऱ्या कुणाबरोबर आली असेल, असं यांना वाटलं. तिला कुणी कॉफीसुद्धा विचारली नाही, म्हणून सुहासिनीचा जीव कळवळला. आपल्या बायका कशा असतात, ठाऊक आहे ना. निघताना म्हणाली, "अस्मिता, आजींना नमस्कार कर." पोर वाकली. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुहासिनी हसून, सवयीने, मराठीतच म्हणाली, "तुमचीच नात समजा."

आपण म्हणतोच की असं. कुणी खरं धरत नाही.

म्हातारीने मान डोलावली.

"काका, बाहेर मारितने विचारलं, तुमची मुलगी आत कुणाच्या पाया पडत होती?" शैलेंद्र मला सांगत होता. "म्हटलं, त्या आजींच्या. ती आत जाऊन बघून आली फक्त."

मी हसलो. जॅकेटं कपाटात टाकली. तो गेला आल्मेरेला, आपल्या घरी.

त्या रात्री थंडी नव्हतीच, आठवतं? डिसेंबर असून लोकांच्या खिडक्या उघड्या. फटाक्यांना बंदी, तरी ज्यांना वाजवायचे त्यांनी वाजवले. मग शांत झालं. अस्मिता वरच्या माळ्यावरच्या खोलीत झोपली होती. शैलेंद्रला जाग आली ती आवाजाने.

कट... कट...

जिन्यावर. इथले जिने तुम्हाला माहीत आहेत, अरुंद आणि उभे. कुणीतरी सावकाश चढत होतं. यांच्या दारापाशी थांबलं नाही. वर गेलं.

धुराचा वास आला. फटाक्यांचा नाही. लाकडाचा.

सुहासिनी उठून बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

वरून अस्मिताचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती. हळू. लाडात. मराठी नाही... डचही नाही.

शैलेंद्रचे पाय हलेनात. हे त्याने स्वतः सांगितलं मला. सुहासिनी मात्र धावली. माळ्याच्या जिन्याशी उभी राहून अंधारात बघत म्हणाली, "आजी, माझं चुकलं. ती माझी आहे. मी सहज बोलून गेले हो."

वर सगळं गप्प.

मग... कट. कट. खाली.

तिच्या अंगावरून गार वारा गेला. दिसलं काहीच नाही.

अस्मिता अंथरुणातच होती. अंग उबदार, श्वास चालू. सुहासिनी तिला कवटाळून खूप रडली. सुटलो, असं शैलेंद्रला वाटलं.

सकाळी वेणी घालताना सुहासिनीचा हात थांबला. अस्मिताच्या डाव्या कानाच्या कडेला दोन बारीक खाचा होत्या. शेजारी शेजारी. रक्त नाही, दुखत नाही. कधीच्या भरून आलेल्या.

शैलेंद्रने फोटो काढून मारितला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"आमच्यात पिल्लाच्या कानाला खाच पाडतात," ती म्हणाली. "कळपात कोण कुणाचं ते कळावं म्हणून. प्रत्येक मालकाची खूण वेगळी."



"मारित, ही कुणाची?"

"माझ्या आजीची. ती गेली तेव्हा मी लहान होते. त्यानंतर ही खूण आम्ही कुणालाच दिलेली नाही."

खाचा अजून आहेत. अस्मिता केस कानावर घेते, म्हणून तुम्हाला कधी दिसल्या नाहीत.