भरल्या बैठकीत आवडा बोलली

पोह्यांची परात भिंतीवर आदळली... आणि ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांनी एकदम आतल्या दाराकडं पाहिलं!

"पाव्हण्यांसमोर तरी तोंड आवर!" आत बद्रीनाथ बायकोवर खेकसला.

"माझी माय शेवटच्या घटका मोजत होती, तवा मला पिशोरला जाऊ दिलं नाय तुम्ही! आता तोंड आवरू?" द्वारकाबाईही मागं हटली नाही.

किती वर्षं झाली या जखमेला! दर सणाला, दर सुखाच्या प्रसंगी ती नव्यानं वाहू लागायची. निजामावरच्या पोलीस अॅक्शनच्या साली जन्मलेली त्यांची थोरली लेक आवडा आता विशीची झाली होती. आज तिची सुपारी फुटायची होती. दौलताबादच्या आप्पासाहेबांचा मुलगा तिलाही मनापासून आवडला होता... मुकुंदवाडीतल्या या धगधगत्या घरातून अखेर सुटका होणार, म्हणून ती कालपासून हरखून गेली होती.

पण भागू? धाकटी भागू कुठं होती?

आठ वर्षांची ती पोर धान्याच्या कणगीच्या मागं अंग चोरून, दोन्ही कान गच्च दाबून बसली होती. शाळेत तर तिनं बोलणंच सोडलं होतं. आवडा जवळ बसली तशी ती पुटपुटली, "ताई, मी नसते ना, तर आई-दादा भांडले नसते?"

आवडाच्या काळजाचं पाणी पाणी झालं... आणि दुसऱ्याच क्षणी ती उठून सरळ ओसरीवर गेली.

"आप्पासाहेब, माफी करा. मला हे लग्न नाय करायचं."

"अगं पोरी, काय बोलतीस?"

"तुमच्यात खोट नाय. पण मी गेले, तर या घरात माझ्या बहिणीला पोटाशी कोण धरील?"

बद्रीनाथ हात उगारून धावला. आवडा तसूभरही हलली नाही!

"मारा दादा! पण आधी ऐका. भागूला वाटतंय, तीच नसती तर तुम्ही भांडला नसता. एवढंसं लेकरू सोताला गुन्हेगार समजतंय! अन् आई, तूबी ऐक. तुझं दुःख खरं हाय... पण रोजच्या ताटात तू आम्हाला तेच वाढतीस!"

पाहुणे कधी उठून गेले, कुणालाच कळलं नाही. बद्रीनाथ कणगीपाशी गेला. त्यानं हात पुढं करताच भागू आणखीच भिंतीला चिकटली. तिच्या डोळ्यांतलं ते भय पाहून तो बायकोकडं वळला.

"द्वारका... तुझी माय तुला शेवटची दिसली नाय, ती माझ्या हट्टापायी. चुकलो मी!"

द्वारकाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "एवढंच ऐकायचं होतं हो मला... एवढंच!"

सोयरीक मोडली ती मोडलीच. नळावर बाया कुजबुजायच्या, आवडा ताठ मानेनं त्यांच्यातून घागर भरून आणायची. कधीकधी एकटी असताना डोळे भरून यायचे... पण पस्तावा? छे!

दिवाळीच्या आधी एका सकाळी पुन्हा आवाज चढले. हातातलं काम टाकून आवडा धावली, पण दारात तिच्या आधीच भागू उभी होती, कमरेवर हात ठेवून!

"हळू बोला दोघं! मी पाढे पाठ करतीय!"

दोघांचेही आवाज आपोआप खाली आले... आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत स्वरात भागूनं सातचा पाढा सुरू केला.