आबांची रेघ

सार्थकचा धंदा कितीही समजावून सांगितला तरी घरच्यांच्या डोक्यावरून जायचा. शेअरबाजाराचा निर्देशांक वर गेला की लोक खूश होतात. पण आत चढले किती शेअर आणि पडले किती, हे कुणी बघत नाही. घोडा नाचला म्हणून वऱ्हाड जेवलं असं थोडंच असतं? ती चढ-उताराची मोजणी चार्टच्या प्रोग्राममध्ये आणून दाखवणारं एक प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, त्यानं गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलं होतं.

शहागंजातला अल्तमश हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. पठ्ठ्या पडणारे शेअर मोजणीतून सरळ काढून टाकायचा, म्हणजे पडदा हिरवागार. सार्थक त्याला फोनवर झापायचा, की बाबा रे, नाव काढल्यानं शेअर पडायचा थांबत नाही, फक्त तुला दिसायचा थांबतो.

त्या रविवारी दुपारी बाजार बंद होता. आतल्या खोलीत सार्थकचे वडील, कडूबा, खाटेवर पडून होते. घरात सगळे त्यांना आबाच म्हणत. सोयगावहून त्यांना इथं आणलं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, धाप वाढली तर क्षणभरही थांबू नका. आई पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. सार्थकचा जीव थाऱ्यावर नव्हता. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तो बाहेरच्या खोलीत प्रोग्राम उघडून बसला.

मोजणी बरोबर होते का हे तपासायला त्यानं मागं काही खोट्या शेअरना घरच्यांची नावं घातली होती. आबा, आई, बायको दीपमाला आणि स्वतःचं. भावही हातानंच टाकलेले. कामाच्या घाईत ती नावं काढायची राहून गेली होती. आज त्यांचे भाव हलत होते. बाकीची तिघं चढत होती.

पडत होते एकटे आबा.

कुठला तरी खरा शेअर चुकून जोडला गेला असणार, असं म्हणून तो स्वतःशीच हसला. पण सुट्टीच्या दिवशी भाव येणार कुठून? त्यानं वायफाय बंद केलं. पडद्यावर आबांच्या भावाची रेघ पुढं सरकतच राहिली. आत आबांना ठसका लागला, आणि रेघ खाली आली. ठसका थांबला, रेघ थांबली.

सार्थक ताडकन उठला. तो आत गेला, आबांची उशी उंच केली, पाठ चोळली. परत येऊन बघतो तर रेघ जराशी वर. शिकल्यासवरल्या माणसानं असलं काही मानावं याची त्याला लाज वाटली, तरी नजर पडद्यावरून हलेना.

"अहो, आबांना लईच धाप लागली," दीपमाला दारात येऊन म्हणाली. "मी अँब्युलन्सला फोन लावते."

रेघ तळाशी येत चालली होती. आबांची घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. अल्तमशला झापताना वापरलेले शब्द सार्थकला आठवले. आठवूनही त्यानं आबांचं नाव निवडलं.

आणि पुसलं.

पडदा हिरवागार झाला. आतली घरघर थांबली.

तो धावला. आबा खाटेवर ताठ बसले होते.

"भूक लागली रं बाळा," ते म्हणाले.

सार्थकला रडू कोसळलं. त्यानं त्यांचे हात धरले. हात उबदार होते.

बाहेर फोन वाजला. पत्ता विचारायला अँब्युलन्सवाल्याचाच असावा.

"नाय हो," दीपमाला सांगत होती, "आमच्यात कुणीच आजारी नाय. तुमचा नंबर चुकला असंल."

सार्थकचे हात गार पडले. नाव परत घालणं सोपं होतं. पण परत घातलेलं नाव जिथं तुटलं तिथूनच, म्हणजे तळापासूनच, पुढं चालू व्हायचं. प्लगइन त्यानंच तसं लिहिलं होतं.

त्यानं वळून पाहिलं. आई पायथ्याहून केव्हाच उठली होती. दाराआड उभी राहून तिनं पदर कपाळापर्यंत ओढला होता, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. आबा तिच्याकडं बघून हसले. तिनं मान खाली घातली.

"सार्थक," तिनं हळूच विचारलं, "पाव्हणे जेवून जाणार व्हय?"