फणसाखालचं गवत

गवत लावणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. गवत उपटतात, जाळतात, त्याच्या नावानं बोटं मोडतात. आमच्या बोरी गावात पोरगी चालायला लागली की तिच्या हातात खुरपं येतं. त्या भाद्रपदात जुन्नरच्या साळूमावशीचा पाय मुरगळला आणि तिच्या बदली मी तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात खुरपायला गेले. फणसाखालच्या गर्द सावलीत काळपट हिरव्या गवताचे झुपके होते. दुपारच्या आत सगळं मुळासकट काढून मी उकिरड्यावर टाकलं, कंबर सरळ केली, आणि मागून कुणीतरी किंचाळलं. मला वाटलं, विंचू चावला.

वळून पाहिलं तर एक उंच, सावळा तरुण. हातात झारी आणि तोंड उघडं.

"ह्ये... ह्ये कुनी केलं?"

"मी. का? ऱ्हायलं का कुठं?"

"अवं बाई, ते म्या लावलं व्हतं! तीनशे गड्डे! पुन्यास्नं ओल्या पोत्यात गुंडाळून आनलं, तीन दिस गुडघ्यावर बसून लावलं!"

"गवत?"

"गवत न्हाई ते!"

"मग काय हाय?"

तो अडखळला. "शोभंचं हाय, सावलीत लावत्यात. इंग्रजी नाव हाय त्याचं... मला नीट बोलता येत न्हाई."

"ज्याचं नाव सांगता येईना, त्याला आमी गवतच म्हनतो."

हा संपत. कळंबचा, पुण्यात पाच वर्षं बागकाम शिकून आलेला, बंगल्यावरचा नवा माळी. चूक माझी होती, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. डॉक्टरीणबाई गावाला गेल्या होत्या, चार दिवसांनी परत येणार होत्या. त्याआधी सगळं पुन्हा लावायला हवं होतं. उकिरड्यावरून एकेक गड्डा वेचून आणला आणि मी पदर खोचून त्याच्याशेजारी बसले.

"वीतभर अंतर ठेवा," तो म्हणाला.

"येवढं? टकलावर केस मोजल्यागत दिसतंय."

"भरंल की दोन वर्सांत."

"दोन वर्सं! तेवढ्यात आमच्याकडं कांद्याची चार पिकं निगतील."

"निगतील. ह्या सावलीत लावून दावा की कांदा."

याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर! गड्डा जरा खोल गेला की पुन्हा काढायला लावायचा. मधला कोंब मातीखाली दबता कामा नये, म्हणे. मी ओंजळीनं पाचोळ्याचं खत घालायची आणि तो बोटांनी अलगद दाबायचा. पाऊस रिपरिपत होता, फणसाच्या पानांवरून थेंब मानेवर पडत होते. तिसऱ्या दिवशी त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... आणि तिथंच राहिली.

"हात काढा की," मी म्हटलं.

"माती बसंस्तवर धरावं लागतं," तो खाली बघत म्हणाला.

मातीनं बसायला फारच वेळ घेतला. मीही घाई केली नाही.

मावशीचा पाय बरा झाला, तरी मला जुन्नर सोडवेना. इकडे माझ्या वडिलांचा, आप्पांचा, निरोपावर निरोप – तुळशीचं लग्न झालं की अंजनाच्या, म्हणजे माझ्या, लग्नाचा बार उडवायचा, दोन स्थळं बघून ठेवलीत. मी ते संपतला सांगितलं.

"अस्सं," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यात गोगलगायी लई झाल्यात..."

मी झारी आपटली. "गोगलगायी? मी काय सांगतीय, तुमी काय बोलताय! मी दुसऱ्याच्या घरी गेलेली चालंल का तुमाला?"

तो उठून उभा राहिला. चिखलाचे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"न्हाई चालनार," तो हळूच म्हणाला. "तुमी येत न्हाई त्या दिशी माजं कामात ध्यान नसतं. झाडास्नी दोनदा पानी घालतो. उद्या बाबांना बोरीला धाडतो... धाडू?"

"इचारताय काय? धाडा!"

त्याचे बाबा गेले, आणि चहा पिऊन हात हलवत परत आले. बाजाराच्या दिवशी आप्पा स्वतःच मावशीच्या दारात हजर.

"मानसं चांगली हायेत, घर चांगलं हाय," आप्पा टोपी काढत म्हणाले. "पर पोरगा गवत लावतो! आमच्या तीन पिढ्या हरळी काढून काढून वाकल्या. गावात काय सांगू, जावई गवत लावतो म्हनून? न्हाई देनार."

मावशी तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र रडूच फुटलं. माझ्या जन्माचा प्रश्न, आणि हे कारण! मी आप्पांचा हात धरला आणि त्यांना सरळ बंगल्यावर नेलं.

आम्हाला बघून संपत झारी घेऊन नुसता उभा. एरवी उत्तरांची खाण, आणि आज नेमका मुका! आप्पा उकिडवे बसले, जन्माच्या सवयीनं त्यांचा हात गड्ड्याकडे गेला, त्यांनी ओढून पाहिलं. गड्डा जागचा हलला नाही.

"धरलंय," आप्पा म्हणाले. "पर गवतच हाय."

"हाय," मी म्हटलं. "रस्त्याकडनं फनसापतुर त्यांनी लावलंय. फनसापासनं भिंतीपतुर मी लावलंय, ह्या हातांनी. आप्पा, गवत लावनाऱ्याला तुमी पोरगी देत न्हाई. मग गवत लावनाऱ्या पोरीला कोन करून घेनार? तुमीच सांगा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग संपतकडे. मग वाकून भिंतीकडच्या रांगेवरून नजर फिरवली.

"तुजी रांग वाकडी आलीय," ते शेवटी म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "पावनं, बापाला सांगा, सोमवारी सुपारी फोडायला या."

मी संपतकडे वळले. "बोला की आता कायतरी!"

"काय बोलू..." एवढंच तो म्हणाला, आणि भर बागेत, माझ्या आप्पांसमोर, ढसाढसा रडायला लागला.

आता या माणसाला काय म्हणावं! लाज मलाच सोडावी लागली. आप्पांनी तोंड फिरवलं, आणि मी पदरानं त्याचे डोळे पुसले.